शिल्लक मेमरी आणि सलग मेमरी

प्रश्न : मी लिनक्स कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) एका नेटवर्क उपकरणाचा ड्रायव्हर लिहिला आहे. प्रत्येक पॅकेटसाठी ५२० बाइटची एक रचना (५१२ बाइट माहिती आणि ८ बाइटचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता) केमॅलॉक या कर्नलच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनने घेतो. पण हिशेबाच्या जवळपास दुप्पट मेमरी खर्च होते. शिवाय यंत्र बरेच दिवस चालू राहिले की ड्रायव्हर पुन्हा चढवताना ६४ किलोबाइटचा बफर मिळत नाही, शिल्लक मेमरी मात्र भरपूर दिसते. स्वतःचा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) लिहावा का?

उत्तर : लिहू नये. केमॅलॉककडे ठरावीक मापांचेच साठे असतात आणि ५१२ नंतरचे माप थेट १०२४ बाइटचे आहे. म्हणजे त्या ८ बाइटच्या पॉइंटरपायी आपण प्रत्येक पॅकेटमागे ५०४ बाइट वाया घालवत आहात. पॉइंटर अन्यत्र ठेवता आला तर प्रश्न तिथेच मिटतो. ते शक्य नसेल, तर या रचनेसाठी कर्नलकडून स्वतंत्र कॅश, म्हणजे नेमक्या त्याच मापाचा साठा, तयार करून घ्यावी. ३२ किलोबाइटच्या एका स्लॅबमध्ये (साठ्यासाठी एकत्र घेतलेल्या मेमरीच्या तुकड्यात) १०२४ बाइटच्या मापाने ३२ रचना बसतात, तर ५२० च्या मापाने ६३. जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सोलारिस २.४ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी स्लॅब पद्धत मांडली ती एकाच प्रकारच्या, वारंवार लागणाऱ्या वस्तूंसाठीच. आपली रचना अगदी त्याच जातीची आहे. बदलापूर्वी आणि नंतर कर्नलच्या ‘स्लॅबइन्फो’ या फाइलमधील वस्तूचा आकार व प्रत्येक स्लॅबमधील वस्तूंची संख्या अवश्य पाहावी.

बफरचे दुखणे वेगळे आहे आणि मला ते अधिक गंभीर वाटते. कर्नल मेमरी ४ किलोबाइटच्या तुकड्यांत, म्हणजे पानांत, मोजतो; बडी ही त्याची वाटपाची पद्धत ती पाने दुपटीदुपटीने जोडून देते. ६४ किलोबाइटसाठी तिला सलग १६ पाने हवीत. त्यांतील एकच पान अडले, तरी तो तुकडा जुळत नाही. सामान्य प्रोग्रामची पाने कर्नल सहसा उचलून दुसरीकडे ठेवू शकतो, पण स्लॅबची पाने हलवता येत नाहीत, कारण त्यांतील वस्तूंकडे थेट पॉइंटर गेलेले असतात. ६३ पैकी एक रचना जिवंत असली तरी पूर्ण स्लॅब अडकून राहतो. मोकळ्या तुकड्यांची मोजदाद देणाऱ्या ‘बडीइन्फो’ या फाइलच्या ओळीत, झोनच्या नावानंतरचा डावीकडून पाचवा आकडा ६४ किलोबाइटच्या मोकळ्या तुकड्यांचा असतो. तो आणि त्यापुढचे सर्व आकडे शून्य असतील, तर डावीकडचे आकडे कितीही मोठे असले तरी पाने सरकवून जागा केल्याशिवाय बफर मिळणार नाही.

उपकरण तो बफर थेट वाचत नसेल, तर केव्हीमॅलॉक हे कर्नलचे दुसरे फंक्शन वापरावे. सलग जागा न मिळाल्यास ते विखुरलेली पाने सलग पत्त्यांवर जोडून देते. उपकरणाला खरोखर सलग जागाच लागत असेल, तर ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच चढवून बफर घ्यावा आणि शेवटपर्यंत सोडू नये. ही मागणी इंटरप्टमध्ये (उपकरणाने इशारा देताच हातातले काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) मात्र कधीही करू नये, कारण तिथे थांबता येत नसल्याने पाने सरकवून जागा करण्याची संधीच कर्नलला मिळत नाही.