वाचक विचारतात : कोलंबस परतला कोणत्या जहाजाने?

प्रश्न : नातीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही दोघांनी थर्माकोलची ‘सांता मारिया’ केली. फुटाळा तलावात सोडली की आडवीच होते. नात म्हणते, कोलंबस याच जहाजाने घरी परतला. खरं का?
– एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : नाही हो आजोबा, सांता मारिया परतलीच नाही; तीन जहाजांपैकी कोलंबस परतला तो ‘निन्या’ने. १४९२ च्या नाताळच्या आदल्या रात्री समुद्र शांत होता, सगळे झोपले होते आणि सुकाणू एका पोरग्याच्या हाती होतं. हैतीच्या किनाऱ्याजवळ जहाज रुतलं ते रुतलंच. त्याच्या लाकडांतून लहानसा किल्ला उभारून ३९ माणसं तिथेच ठेवावी लागली, कारण जवळ उरलं होतं एकटं ‘निन्या’ आणि ते लहान. तिसरं जहाज ‘पिंता’ तेव्हा महिनाभर वेगळंच भटकत होतं. जमीन पहिल्यांदा दिसली ती याच पिंतावरून, एवढं मात्र त्याच्या नावावर.

माझा जीव निन्यावर. निघताना त्याला तिकोनी शिडं होती. कॅनरी बेटांवर ती उतरवून चौकोनी चढवली. पुढे वारा सतत पाठीमागून मिळणार होता आणि अशा वाऱ्यात चौकोनी शीड जास्त कामाचं.

परतीच्या वाटेवर, फेब्रुवारी १४९३ मध्ये, मोठं वादळ झालं. खाणंपिणं संपत आल्याने जहाज हलकं झालं होतं, लाटांवर कलंडू लागलं. कोलंबसाने रिकामी पिपं समुद्राच्या पाण्याने भरायला लावली. तुमच्या थर्माकोलचं दुखणंही तेच! तळाशी, अगदी मधोमध, शिशाचे तुकडे नाहीतर नटबोल्ट चिकटवा. वजन वर ठेवलंत तर आणखी लवकर उलटेल. आणि डोलकाठ्या जरा आखूड करा. हौसेने उंच ठेवल्या असणार.

निन्या ४ मार्चला लिस्बनजवळ पोचलं, १५ मार्चला स्पेनमधल्या पालोस बंदरात. त्यानंतर दुसऱ्या सफरीलाही गेलं. सांता मारिया मोठं, कोलंबस त्यावर बसलेला, म्हणून चित्रं त्याचीच. राबलं हे दुसरंच.

तिन्हींपैकी एकाचाही मूळ आराखडा उरलेला नाही, तेव्हा रंग नातीच्या मनाचा द्या. फक्त नाव खोडून ‘निन्या’ लिहिणार असाल, तर अटलांटिकमधलं दृश्य असल्यास शिडं चौकोनी हवीत. परीक्षकांनी विचारलं तर कॅनरीची हकिगत तिलाच सांगू द्या.