मॉडेल मांडायला बसण्याआधी

तुझा विषय जीवशास्त्र असो की अर्थशास्त्र, आधी गणिती मॉडेलच्या समीकरणाचा सांगाडा ओळखायला शीक. 1900 मध्ये फ्रेंच गणितज्ञ लुई बाशलिएने पॅरिसच्या बाजारातल्या रोख्यांच्या किमतींसाठी जे गणित मांडलं, तेच 1905 मध्ये आइन्स्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या कणांसाठी स्वतंत्रपणे मांडलं. दोन्हीकडे विसरणाचं, म्हणजे हळूहळू पसरत जाण्याचं समीकरण, दोन्हीकडे पसारा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

पण सांगाडा जुळला म्हणून गृहीतकंही जुळतात असं नाही, आणि नवखे बहुतेक इथेच फसतात. किमतींतल्या मोठ्या उड्या या गणितातल्या सामान्य वितरणाच्या (घंटेच्या आकाराच्या वक्राच्या) अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात. साथीच्या रोगांचं 1927 चं केरमॅक-मॅकेंड्रिक मॉडेल घे. त्यात माणसं लागण होऊ शकणारी, आजारी आणि बरी झालेली अशा गटांत मोडतात, आणि त्याचं साधं रूप धरून चालतं की कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. तेच अफवांसाठी वापरायचं असेल, तर तिथे ‘बरं होणं’ म्हणजे नेमकं काय, हे आधी कागदावर लिहून काढ.

एककं प्रत्येक ओळीत तपास. आणि प्राचलं (समीकरणातले बदलता येणारे आकडे) वाढवत आलेख जुळवत बसू नकोस. थोडा डेटा सुरुवातीलाच बाजूला ठेव आणि मॉडेल त्यावर टिकतं का ते बघ.