शब्दचर्चा: ‘स्वच्छ’, ‘नवीकरणीय’, ‘अक्षय’ आणि ‘समन्यायी’

प्रश्न असा: अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये ‘क्लायमेट अँड इक्विटेबल जॉब्ज ॲक्ट’ केला. त्याबद्दल मराठीत लिहिताना ‘रिन्यूएबल’ आणि ‘क्लीन’ या दोन्हींसाठी ‘अक्षय ऊर्जा’ चालेल का? आणि ‘इक्विटेबल’ म्हणजे ‘समान’ का?

दोन्हींसाठी एकच शब्द अजिबात चालणार नाही. २०४० पर्यंत ५० टक्के वीज ‘रिन्यूएबल’ आणि २०५० पर्यंत १०० टक्के ‘क्लीन’, अशी या कायद्यातली उद्दिष्टं आहेत. दोन्हीकडे ‘अक्षय’ लिहिलंत, तर पुढे सगळी वीज ऊन-वाऱ्यापासूनच येणार असं वाचक समजेल. पण इलिनॉयमध्ये ११ अणुभट्ट्या आहेत आणि राज्यात तयार होणारी निम्म्याहून अधिक वीज त्यांचीच. वीज तयार करताना त्यांतून कार्बन बाहेर पडत नाही, म्हणून ती ‘क्लीन’. युरेनियम मात्र खाणीतून काढावं लागतं आणि वापरलं की संपतं, म्हणून ती ‘रिन्यूएबल’ नाही. बायरनचं अणुवीज केंद्र तर बंद पडण्याच्या बेतात होतं, ते याच कायद्यातल्या अर्थसाहाय्याने तरलं. तेव्हा ‘क्लीन’ला ‘स्वच्छ’च म्हणावं.

‘रिन्यूएबल’साठी मी ‘नवीकरणीय’ निवडेन. ‘अक्षय’ कानाला गोड आहे, सूर्याला शोभतोही. पण आपल्या साखर कारखान्यांत चिपाडावर होणारी वीजही याच गटात मोडते. चिपाड जळून संपतं, पुढच्या हंगामात नवा ऊस येतो. त्याला क्षय आहे, नवीकरणही आहे. (‘पुनर्नवीकरणीय’ मात्र नको. ‘नवीकरणा’त ‘पुन्हा’ आलंच.)

‘इक्विटेबल’साठी आपल्याकडे उत्तम शब्द रुळलेला आहे: समन्यायी. ‘समन्यायी पाणीवाटप’ महाराष्ट्राला नवं नाही. ‘समान’ म्हणजे सगळ्यांना सारखं. ‘समन्यायी’त कोणाच्या वाट्याला आजवर काय आलं, याचा विचार असतो. इलिनॉयचा कायदा तोच करतो. कोळशावरची वीज केंद्रं बंद झाल्याने काम जाणाऱ्यांना आधार, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती, प्रदूषण सोसलेल्या वस्त्यांतल्या लोकांना आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना नव्या कामाचं प्रशिक्षण, अशा तरतुदी त्यात आहेत. म्हणून नाव ‘हवामान आणि समन्यायी रोजगार कायदा’ असं लिहा.