घरीच साधं लाकडी पुस्तकांचं शेल्फ करायचंय. मापं कशी घेऊ म्हणजे ते बेढब दिसणार नाही?

आधी पुस्तकं मोजा, मग लाकूड कापा. 25 सेंमी खोली बहुतेक पुस्तकांना पुरते. फळ्यांमधलं अंतर खाली 35, मग 30, वर 25 सेंमी असं कमी करत न्या; जड पुस्तकं तळाशी बसतात आणि शेल्फ डोलाऱ्यासारखं दिसत नाही. खरी चूक होते ती रुंदीत. 18 मिमी जाडीच्या फळीला 75 सेंमीच्या पुढे मध्ये आधार द्याच. लांबी दुप्पट केली, की तशीच गच्च भरलेली फळी साधारण 16 पट वाकते. (माझी पहिली फळी वर्षभरात झोळी झाली होती!) मागे पातळ प्लायवूड ठोका, नाहीतर चौकट तिरकी होते. उंच शेल्फ भिंतीला स्क्रूनं पक्कं करा.