लाल शाईतलं ‘छान’

शिक्षक समुपदेशनाला येतात ते सहसा दुसऱ्या कोणाचं तरी निमित्त घेऊन. वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल विचारायचं असतं, घरातल्या कोणाबद्दल बोलायचं असतं. स्वतःबद्दलचा प्रश्न निघतो तो उठताना, चप्पल घालता घालता. “आणखी एक विचारू का मॅडम? हल्ली मुलांबद्दल पूर्वीसारखं काही वाटतच नाही. मी या कामाच्या लायक उरले नाही का?” शब्द थोडेफार बदलतात, पण प्रश्न हाच. इतक्या जणांनी तो विचारला आहे की एकदा नीट लिहावं असं वाटलं. ही हकिगत ज्यांची आहे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना मी इथे नुसतं ‘बाई’ म्हणते, मुलं म्हणतात तसं. चौदा वर्षांची नोकरी. बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. वहीच्या एका पानाचा फोटो होता. पाचवीतल्या मुलाचा निबंध, विषय ‘माझा आवडता प्राणी’.

“माझा आवडता प्राणी कुत्रा होता. त्याचे नाव शेरू होते. तो मागच्या रविवारी मेला. मी त्या दिवशी जेवलो नाही. आता मला कोणताच प्राणी आवडत नाही.”

खाली लाल शाईत शेरा होता : “छान. अक्षर सुधार.” तारीख आणि सही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला. त्या शब्दावर बोट ठेवून त्याने विचारलं, “बाई, छान का?”

“वाचलं नव्हतं, हे एक वेळ मी स्वतःला समजावेन,” बाई म्हणाल्या. “बावन्न वह्या होत्या, दुसऱ्या दिवशी तपासणी होती. पण त्याने विचारल्यावर मी वाचलं ना. सगळं वाचलं. आणि मला काहीच झालं नाही, मॅडम. आत काही हललंच नाही. मी त्याला म्हटलं, जागेवर जाऊन बस.” थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “राजीनामा लिहून ठेवलाय. फोनमध्येच आहे. ज्या बाईला असल्या वेळी काही वाटत नाही, तिने मुलांसमोर उभंच राहू नये.”

मी त्यांना राजीनामा द्या किंवा देऊ नका, यातलं काहीच सांगितलं नाही. आधी झोप, भूक, वजन, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं सरळ विचारलं. हे प्रश्न टाळू नयेत. थकवा आणि नैराश्य वरवर सारखे दिसतात, पण दोन्हींचा रस्ता वेगळा असतो. मग विचारलं, मागच्या सुट्टीत काय झालं? बाई म्हणाल्या, पहिले चार दिवस नुसती झोपले. पाचव्या दिवशी भाचीबरोबर पत्ते खेळताना इतकी हसले की बहीण आतून बघायला आली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मात्र पोटात गोळा आला.

मला हे ऐकून बरं वाटलं आणि मी तसं त्यांना सांगितलं. जिथे काम सुटलं की माणूस परत येतो, तिथे माणूस संपलेला नसतो. सुट्टीतही काही उजळत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, आवडीच्या कशातच रस वाटत नसेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं, आणि मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. बाईंना मी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. या दोन्हींत बिघाड असला तरी माणूस असाच गळून जातो. त्यांचे रिपोर्ट ठीक आले.

मग त्या ‘काहीच न वाटण्या’कडे वळलो. क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ साली कामातला थकवा मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात या थकव्याची तीन अंगं धरली आहेत. आतून रिकामं होणं हे पहिलं. आपल्या हातून काही चांगलं घडतच नाही असं वाटत राहणं हे तिसरं. मधलं अंग बाईंनी मला फोटोत दाखवलं होतं : समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न पाहता एक काम म्हणून पाहायला लागणं. बावन्न मुलं नव्हे, बावन्न वह्या. शिक्षक, परिचारिका, समाजसेवक, ज्यांचं कामच माणसांशी आहे त्यांना हे होतं, म्हणून तर ते त्या प्रश्नावलीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या थकव्याची व्याख्या नेमकी केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून आलेली स्थिती, असं म्हटलं. बाईंना मी ‘कामाच्या जागी’ हे शब्द दोनदा वाचून दाखवले. चौदा वर्षं त्या हे सगळं स्वतःच्या स्वभावात शोधत होत्या.

“पण इतर बायका करतातच ना सगळं,” त्या म्हणाल्या.

“त्यांनी तुम्हाला कधी सांगितलंय का, त्यांना काय वाटतं ते?”

नव्हतं सांगितलं. स्टाफरूममध्ये डबे उघडतात, वह्या उघडतात, पण ‘मला जमत नाहीये’ हे कोणी उघडत नाही. वर्गाचं दार लावलं की शिक्षक एकटा असतो. आत काय बिनसलं ते बाहेर सांगणं म्हणजे आपल्याला वर्ग आवरत नाही अशी कबुली देणं, असं वाटतं. मला या पेशातलं सर्वांत जड ओझं हेच वाटतं, पगार आणि कागदपत्रांपेक्षाही. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली : मनात काहीही असो, चेहऱ्यावर अमुकच दिसलं पाहिजे, हेही काम आहे आणि त्यानेही माणूस दमतो. विमान निदान उतरतं तरी. शिक्षकाचा चेहरा घंटेगणिक बदलावा लागतो. एका तासाला रागवायचं, पुढच्याला रडणाऱ्याची समजूत घालायची, मधल्या सुट्टीत तावातावाने आलेल्या पालकांसमोर शांत राहायचं. संध्याकाळी या श्रमाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

पूर्वी मी अशा वेळी दीर्घ श्वसन शिकवून सुरुवात करायचे. आता करत नाही. श्वसनाचा उपयोग होतो, पण तेवढंच हातात दिलं तर माणसाला वाटतं, दमले हीही माझीच चूक आणि ते दुरुस्त करायचं कामही माझंच. म्हणून बाईंना आठवडाभर फक्त नोंदी ठेवायला सांगितल्या. घंटा टू घंटा काय केलं, आणि घरी आल्यावर शाळेचं काय केलं. सुधारायचं काही नाही, नुसतं लिहायचं.

तो कागद आम्ही दोघींनी टेबलावर पसरला. आठवड्यात पाच प्रॉक्सी तास, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर घेतलेले. रात्री नऊनंतर पालकांचे सत्तावीस मेसेज, बहुतेक ‘उद्या काय आणायचं’ छापाचे. एकच माहिती तीन वेगवेगळ्या तक्त्यांत भरलेली. आणि वह्या, रोज रात्री दीड तास. बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. “यात शिकवायची तयारी कुठेच नाही,” त्या म्हणाल्या. शिकवणं त्यांना आवडायचं. ते कुठे गेलं, हे त्यांना त्या कागदावर दिसलं.

वह्यांपासून सुरुवात केली, कारण ते त्यांच्या हातात होतं. रूथ बटलर यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त त्यांच्या कामाबद्दल लेखी शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही. म्हणजे बाई रात्र रात्र जागून जे करत होत्या, बावन्न बरोबरच्या खुणा आणि बावन्न ‘छान’, त्यातलं मुलांपर्यंत फारसं पोचतच नव्हतं. आम्ही ठरवलं की आठवड्याला दहा निबंध पूर्ण वाचायचे आणि त्यावर मुलाने जे लिहिलंय त्याला उत्तर म्हणून दोन ओळी लिहायच्या. बाकीचे निबंध मुलांनी वर्गात जोडीने एकमेकांना वाचून दाखवायचे. सव्वा महिन्यात प्रत्येक मुलाला एकदा खरं उत्तर मिळतं. बाईंना आधी हे कामचुकारपणाचं वाटलं. “तपासणीत प्रत्येक पानावर सही लागते,” त्या म्हणाल्या. सही करा, मी म्हटलं, पण न वाचता ‘छान’ लिहू नका.

बाकीचं त्यांच्या हातात नव्हतं, आणि हे स्पष्ट बोलणं मला गरजेचं वाटतं. मेसेज आणि प्रॉक्सी हे मुख्याध्यापकांशी बोलायचे विषय होते. बाई एकट्या जायला तयार नव्हत्या. “मग स्टाफरूममध्ये हा कागद कोणाला तरी दाखवा,” मी सुचवलं. त्यांनी समोर बसणाऱ्या बाईंना दाखवला. त्या बाईंनी पुढच्या आठवड्यात स्वतःचा तसाच कागद आणला. चार जणींचे कागद झाल्यावर त्या चौघी मिळून मुख्याध्यापकांकडे गेल्या.

जाताना बाईंनी एका दस्तऐवजातला उतारा बरोबर नेला. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाबाबत एक आंतरराष्ट्रीय शिफारस संमत झाली. जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला असतो तो त्यामुळेच. शिकवण्याचे तास ठरवताना मुलांची संख्या, तयारीला आणि तपासणीला लागणारा वेळ, पालकांशी बोलायला लागणारा वेळ, हे सगळं धरलं पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. पालकांशी बोलणं हे कामच आहे, आणि म्हणून त्याला कामाचीच वेळ हवी. शिफारस कुठल्याही शाळेला बांधून ठेवत नाही, पण हातात कागद असला की आवाज कमी कापतो. आज २०३० सालापर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख शिक्षक कमी पडतील असा युनेस्कोचा अंदाज आहे. त्यात नव्याने लागणाऱ्या जागांबरोबर सोडून जाणाऱ्यांचाही हिशेब आहे. बाईंचा राजीनामा त्या आकड्यात आणखी एक झाला असता.

मुख्याध्यापकांनी अर्धं ऐकलं. सगळ्या वर्गांना एकच सूचना गेली : पालकांच्या मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेत मिळेल, तातडीचं असेल तर कार्यालयात फोन करा. दोन-तीन पालक चिडले, मग सवय झाली. प्रॉक्सी तास मात्र तसेच राहिले. माणसंच कमी आहेत, ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

त्या मुलाचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. बाईंना पहिल्याच आठवड्यात त्याची माफी मागायची होती. मी थांबा म्हटलं. आत काही नसताना मागितलेली माफी म्हणजे आणखी एक ‘छान’ झाला असता, आणि मुलांना ते कळतं. साधारण दीड महिन्यानंतर त्या आपणहून म्हणाल्या, “काल मी बोलले त्याच्याशी.”

मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला वही घेऊन बोलावलं होतं. “तू लिहिलेलं मी तेव्हा वाचलंच नव्हतं,” त्यांनी सांगितलं. “न वाचता छान लिहिलं. ते चुकलं माझं.” मुलगा काही बोलला नाही. मग बाईंनी विचारलं, शेरू कसा होता? त्यावर तो जो सुरू झाला तो घंटा होईपर्यंत थांबला नाही. शेरूचा एक कान कायम खाली पडलेला असायचा, तो भिजला की सगळ्या घरभर अंग झाडायचा, फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जायचा आणि फक्त ह्याच्याच हाकेला बाहेर यायचा. हे सांगताना बाईंचे डोळे भरले. मी काही बोलले नाही. रुमाल पुढे केला.

त्यानंतर त्या महिन्यातून एकदा येत राहिल्या. दुसऱ्या सत्रात एक शिक्षिका रजेवर गेल्या आणि प्रॉक्सी पाचाचे सात झाले. बाईंचा फोन आला, “परत तसंच व्हायला लागलंय, आठवड्याला येऊ का?” या म्हटलं. या वेळी समोर बसणाऱ्या त्या दुसऱ्या बाईही बरोबर आल्या. दोघींनी आपापले कागद आणले होते. राजीनामा अजून फोनमध्येच आहे, असं बाई म्हणाल्या. तो पुसून टाका असं मी त्यांना सांगितलेलं नाही.