अमेरिकेतल्या सार्वजनिक बागेत मेटल डिटेक्टर फिरवून खरंच जुनी नाणी सापडतात का?

हो, सापडतात. मात्र तुम्हाला वाटतंय तेवढी नाही, आणि त्यात यंत्राचा हात तुम्ही समजताय त्यापेक्षा बराच कमी असतो.

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत येऊन चार महिने झाले, घराजवळच्या पार्कात दर रविवारी एक म्हातारा कानाला हेडफोन लावून यंत्र फिरवताना दिसतो. त्याला काही मिळत असेल का, कोणतं यंत्र घ्यावं, आणि सुट्टीत तेच यंत्र पुण्याला नेलं तर चालेल का, हे तुमचे तीन प्रश्न. मी ईशान्य ओहायोत राहते आणि 2013 पासून मला हा नाद आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी एचफोर व्हिसावर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, आले होते. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. घर ते पार्क आणि पार्क ते घर. शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, त्यामुळे त्यांना वाकणारं माणूस हवं होतं आणि मला बोलणारं. यंत्र त्यांचं, खुरपं माझं, अशी आमची भागीदारी सहा वर्षं चालली.

यंत्राचं आधी उरकते. दीडशे-दोनशे डॉलरचं, पडद्यावर आकडा दाखवणारं कुठलंही चालेल. वापरलेलं मिळालं तर उत्तम, कारण निम्मे लोक महिन्याभरात कंटाळून विकतात. खालच्या गोल चकतीतून, म्हणजे कॉइलमधून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात वीज गरगरते, आणि त्या गरगरण्याचं उलट क्षेत्र कॉइलला जाणवतं. चांदी आणि तांबं एका तऱ्हेने उत्तर देतात, लोखंड दुसऱ्या तऱ्हेने. त्यावरून यंत्र एक आकडा आणि एक आवाज काढतं. नाण्याएवढी वस्तू साधारण सहा ते आठ इंचांपर्यंत कळते. त्याहून खोलचं कळेल असं सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढे चला.

याच तत्त्वावरचं एक यंत्र घेऊन अलेक्झांडर ग्रॅहम बेल 1881 साली राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या उशाशी गेला होता. त्यांच्या अंगात गोळी अडकली होती. डॉक्टरांना ती उजवीकडे असल्याची खात्री होती, म्हणून त्यांनी तीच बाजू तपासू दिली. गोळी होती डावीकडे. शिवाय गादीत पोलादी स्प्रिंगा, त्यांनीही यंत्र गोंधळलं. गारफील्ड आमच्या ओहायोचे, क्लीव्हलंडला त्यांची भलीमोठी समाधी आहे. यंत्र उगीच किंचाळायला लागलं की आजोबा म्हणायचे, "आधी पलंग बघ." मग लक्षात यायचं की माझ्या बुटाच्या टाचेत लोखंड आहे.

आकड्यांवर फार विसंबू नका. पाच सेंटचं निकेल आणि जुन्या पेयाच्या डब्याची ओढून तोडायची अ‍ॅल्युमिनियमची कडी यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. सोन्याची अंगठीही त्याच टप्प्यात. म्हणजे कड्यांना कंटाळून तो टप्पा यंत्रात बंद करून टाकला, तर निकेल गेलं आणि अंगठीही गेली. या कड्या 1960 च्या दशकात आल्या, आणि 1975 नंतर डब्यालाच चिकटून राहणारी कडी निघाली तेव्हा हळूहळू गेल्या. पण त्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेने इतकी पेयं रिचवली की आजही दर पार्कात त्यांचं पीक निघतं. माझ्याकडे कॉफीचे दोन डबे भरून आहेत. का ठेवल्यात, असं विचारू नका.

आता खरा मुद्दा. नाणी कुठे असतात?

आपल्याकडे जत्रा उठली की दुसऱ्या दिवशी पोरं मैदानात सुटे पैसे शोधायला जातात. कुठे बघायचं हे त्यांना कुणी शिकवत नाही. ती थेट पाळण्याखाली जातात. माणूस कलंडला की खिसा कलंडतो. पार्कात शिरल्यावर मी एवढंच बघते, की शंभर वर्षांपूर्वी इथे कुणाचा खिसा कुठे उलटा झाला असेल. मोठ्या ओकच्या झाडाखाली लोक उन्हाळ्यात गवतावर आडवे व्हायचे. उतारावर हिवाळ्यात पोरं बर्फावरून घसरगाडीने खाली येतात. उताराच्या मध्यावर नाही, तर तळाशी, जिथे गाडी उलटते आणि सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, तिथे शोधायचं. बेसबॉलच्या मैदानात खेळाडूंपेक्षा फळ्यांवर बसून बघणाऱ्यांची बाजू बरी. जिथे लोक नुसते चालत गेले तिथे फारसं काही पडत नाही. नव्या माणसाचं यंत्र नेमकं तिथेच फिरत असतं, पायवाटेच्या कडेने.

जुनं झाड आणखी एका कारणाने महत्त्वाचं. झाड जुनं म्हणजे त्याच्याखालची माती जुनी. बऱ्याच पार्कांत कधीतरी बुलडोझर फिरलेला असतो, वर बाहेरून आणलेली माती पसरलेली असते. तिथे दिवसभर फिरलात तरी बाटल्यांची झाकणंच मिळतील. मोठं झाड उभं आहे, तर निदान त्याच्या मुळांपाशी कुणी उकरलेलं नाही. नाणं आपल्या वजनाने खाली जातं असं लोकांना वाटतं. पण खाली ढकलण्याचं बरंचसं काम गांडुळं करतात. ती खालची माती वर आणून टाकतात, वर पालापाचोळा कुजतो, आणि नाणं जागच्या जागी गाडलं जातं. डार्विनने हे वर्षानुवर्षं मोजून पाहिलं होतं. आमच्याकडे 1940 च्या आसपासचं नाणं साधारण पाच-सहा इंचांवर मिळतं.

दुसरी गोष्ट नकाशे. सॅनबॉर्न नावाच्या कंपनीने आगीच्या विम्यासाठी अमेरिकेतल्या हजारो गावांचे घर-न्-घर दाखवणारे नकाशे काढले होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतात. आमच्या पार्काच्या जुन्या नकाशावर आजोबांना आणि मला एक छोटा अष्टकोन दिसला. आज तिथे नुसतं गवत आहे. तो बँडवाल्यांचा चौथरा होता. रविवारी संध्याकाळी संगीत, आणि भोवती सतरंज्या टाकून बसलेलं गाव! त्या वर्तुळात एका उन्हाळ्यात आम्हाला तीन मर्क्युरी डाइम, एक झिजलेलं बफेलो निकेल, म्हणजे रानरेड्याच्या चित्राचं पाच सेंटचं नाणं, आणि एक इंडियन हेड सेंट मिळालं. बाकी सगळ्या पार्कात मिळून तेवढं मिळालं नव्हतं.

ही नावं तुम्हाला नवी असतील. मर्क्युरी डाइम 1916 ते 1945 मधलं, दहा सेंटचं. त्यावर मर्क्युरी हा रोमन देव नाहीच, पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवी आहे. लोकांनी चुकीचं नाव दिलं ते चिकटलं. इंडियन हेड 1859 ते 1909. "इंडियन म्हणजे आपलं?" असं माझ्या आईने फोनवर फार आशेने विचारलं होतं. नाही, आई. पिसांचा मुकुट घातलेली तीच देवी. लक्षात ठेवायचं साल 1964. तोवरच्या डाइम आणि क्वार्टरमध्ये, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यात, 90 टक्के चांदी असायची; 1965 च्या कायद्याने ती गेली आणि तांबं-निकेल आलं. चांदी मातीतून पांढरी स्वच्छ निघते, काल पडल्यासारखी. एका डाइममध्ये सव्वादोन ग्रॅम चांदी, म्हणजे पैसा म्हणून हिशेब केलात तर पेट्रोलही सुटणार नाही. 1982 नंतरचे सेंट आतून जस्ताचे आहेत. माती त्यांना अक्षरशः खाते, कडा कुरतडलेल्या मिळतात. मला वर्षाकाठी चारेकशे नाणी मिळतात, त्यात चांदीची आठ-दहा. तुमच्या पार्कातल्या म्हाताऱ्याचं उत्तर या आकड्यात आलं.

माझ्या दोन चुका सांगते, तुम्ही करू नका.

पहिल्या वर्षी ऑगस्टच्या कोरड्यात मी गवताचे गोल तुकडे चारी बाजूंनी कापून उचलले आणि परत दाबून बसवले. आठवड्यात ते सगळे करपलेल्या भाकरीसारखे दिसू लागले. पार्कातल्या कर्मचाऱ्याने मला बोलावून ते मोजून दाखवले, अकरा. ओरडला नाही, हेच जास्त लागलं. तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची, माती फडक्यावर काढायची आणि सगळी परत भरायची. पाऊस पडून गेल्यावर जा. ओल्या जमिनीत यंत्रालाही बरं कळतं आणि गवतही जगतं. तुटलेली कडी, खिळा, काच, जे निघेल ते आपल्या पिशवीत.

दुसरी चूक त्या इंडियन हेडची. काळं-हिरवं झालेलं तांबं बघून माझ्यातली साताऱ्याची सून जागी झाली. चिंच-मीठ लावून देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखं चोळलं. लखलखीत झालं. नाण्यांच्या दुकानदाराने भिंगातून एकदा बघितलं आणि न बोलता परत माझ्याकडे सरकवलं. वरचा थर हेच जुन्या नाण्याचं अंग असतं. तो गेला की संग्राहकाच्या लेखी नाणं गेलं. साध्या पाण्यात भिजवा, टिपून वाळवा, बस.

परवानगीचं मात्र मनावर घ्या. इथे सगळ्या बागांना एक नियम नाही. नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्र सरकारच्या खात्याच्या जागेत यंत्र वापरणं सोडाच, नुसतं वापरायच्या स्थितीत जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आणि ही जागा म्हणजे फक्त डोंगरदऱ्या नव्हेत, शहरांतली कित्येक लहान ऐतिहासिक मैदानंही त्यात येतात. केंद्र सरकारच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय उकरायला 1979 च्या कायद्याने बंदी आहे. राज्याच्या, काउंटीच्या आणि गावाच्या पार्कांचे नियम वेगवेगळे. तुम्ही रविवारी न्यूयॉर्कला जायचं म्हणत असाल, तर तिथल्या शहराच्या पार्कांसाठी वेगळा परवाना काढावा लागतो. तो म्हातारा फिरवतोय म्हणजे चालतं, असं धरून जाऊ नका. गावाच्या पार्क विभागाला ईमेल करा, उत्तर छापून खिशात ठेवा. मी ठेवते. हातात यंत्र घेऊन वाकलेली परदेशी बाई बघून कुणी ना कुणी विचारतंच.

आता पुणे. नेऊ नका.

1878 चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा 1878 पासून तसाच आहे, म्हणजे आज त्यात जवळजवळ सगळंच आलं. न कळवल्यास शिक्षा. कळवलंत आणि कुणाचीच मालकी ठरली नाही, तर कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा ठरलेला आहे. पण ती पुढची गोष्ट. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्याच्या आवारात परवान्याशिवाय खोदणं हा वेगळाच गुन्हा. त्यातून आपल्याकडे रानात यंत्र घेऊन फिरणारा माणूस दिसला की लोकांच्या डोक्यात एकच शब्द येतो, गुप्तधन. गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांचा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून गावातलं वातावरण ओळखा. शिवराई हातात घ्यायची हौस असेल तर पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा. तिथे नकलीही भरपूर असतात, तेव्हा जाणकाराला बरोबर न्या.

आणि येताना घरातली जुनी नाणी सामानात टाकू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते भारताबाहेर नेता येत नाही. माझ्या सासूबाईंनी राणी छापाचे दोन रुपये रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये सरकवले होते. विमानतळाच्या वाटेवर सापडले. दीर गाडी चालवत होते, त्यांच्याच हातून परत पाठवले. साताऱ्याच्या कपाटात आहेत, दर भेटीत बघून येते.