‘कान्ट’शिवाय इंग्रजीत ‘जमत नाही’ कसं सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की रावेरहून केळीच्या गाड्या दिल्लीकडे रवाना करताना व्यापाऱ्यांशी इंग्रजीत बोलावं-लिहावं लागतं, आणि कुठलीही अडचण आली तरी तोंडात ‘आय कान्ट’ एवढंच येतं. यादी पाठ करू नका. मनात मराठी क्रियापद कोणतं आलं ते आधी पाहा, इंग्रजी जोडी त्यावरून ठरते.

‘येत नाही’, आपलं ‘माले येत नही’, म्हणजे ते शिकलेलोच नाही. तिथे ‘आय डोन्ट नो हाऊ टू ड्राइव्ह’. यातला ‘हाऊ’ गाळायचा नाही.

खरी गडबड ‘जमणार नाही’ला होते. ‘विल’ला ‘कॅन’ जोडता येत नाही, म्हणून ‘विल कान्ट’ असं काही नसतं. मग घाईत लोक ‘वुई विल नॉट सेंड द ट्रक’ लिहून टाकतात, आणि व्यापारी ते ‘पाठवणारच नाही, जा’ असं वाचतो. ‘वुई वोन्ट बी एबल टू सेंड द ट्रक टुडे’ लिहा. पाठवायचंय पण अडलंय, हे ‘एबल टू’मुळे कळतं. लगेच कारण जोडा: ‘बिकॉज ऑफ द रेन’. रीतसर पत्रात ‘वुई आर अनेबल टू डिस्पॅच’ शोभतं. त्यात ‘आर’ सुटलं की वाक्य मोडलं, आणि ‘नॉट अनेबल’ केलंत तर अर्थच उलटला, कारण नकार ‘अनेबल’मध्ये आधीच आहे. लग्नाला, भेटीला यायचं जमणार नसेल तर बोलताना ‘सॉरी, आय कान्ट मेक इट’ पुरे.

‘फेल्ड टू’ जपून वापरा. ‘वुई फेल्ड टू डिलिव्हर’ म्हणजे करायला हवं होतं ते आमच्याकडून झालं नाही. रस्ता बंद होता म्हणून माल पोचला नसेल तर ‘कुडन्ट डिलिव्हर’ म्हणा, नाहीतर नसलेली चूक लेखी कबूल केल्यासारखं होतं. ‘इनकेपेबल ऑफ’ माणसाला लावूच नका, त्यात त्याची लायकी निघते.

काम होतंय पण त्रासाने, तर ‘वुई आर हॅविंग ट्रबल फाइंडिंग लेबर’. इथे ‘ट्रबल टू फाइंड’ चुकीचं, ‘-इंग’च लागतं. भाव परवडत नसेल तर ‘वुई कान्ट अफोर्ड टू सेल अ‍ॅट दॅट रेट’, इथे मात्र ‘टू’.

मराठीचं ‘-वत नाही’ हे रूप फार नेमकं आहे, पण इंग्रजीत त्याला एकच साचा नाही. वादळात आडवी झालेली बाग बघवत नाही: ‘आय कान्ट बेअर टू सी इट’. आता पुढे चालवत नाही: ‘आय कान्ट वॉक एनी फर्दर’. विचारल्याशिवाय राहवत नाही: ‘आय कान्ट हेल्प आस्किंग’. या शेवटच्यात ‘हेल्प’चा मदतीशी संबंध नाही, अर्थ ‘आवरणं’ असा आहे.

फोनवर एक काळजी घ्या. ‘वुई कान्ट लोड टुडे’ भरभर म्हटलं की ‘ट’ गिळला जातो आणि खराब रेंजमध्ये समोरच्याला ‘कॅन लोड’ ऐकू येऊ शकतं. गाडीचा निरोप असेल तर ‘कॅनॉट’ पूर्ण, जोर देऊन म्हणा, आणि मेसेजमध्ये तो एकच शब्द म्हणून जोडून लिहा.